ताईच्या जोत्याखालची भेग

माझा धंदा आवाजाचा. सोलापुरात माझं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान आहे. लग्न असो, बारसं असो, उरूस असो, निवडणूक असो की एखाद्याची शोकसभा, बोलणारा कुणीही असला तरी ऐकू येतं ते माझ्यामुळं. या शहराच्या कानठळ्या बसवण्यात माझा चांगला घसघशीत वाटा आहे आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. अशा माणसाला एके दिवशी एक अख्खी वस्ती गप्प करायचं काम मिळालं. आणि तेही सख्ख्या बहिणीच्या घरासाठी.

माझी ताई वैरागजवळच्या एका गावात दिलेली. गावातल्या घरात तीन भावांची तीन बिऱ्हाडं, एक मोरी, आणि स्वयंपाकघराचे पत्रे लावून केलेले तीन तुकडे. लग्नाला तीस वर्षं झाली तरी ताईला स्वतःचं असं दार नव्हतं. "आरं, राग आला तर आपटायला तरी सोताचं दार पायजे की," असं ती म्हणायची. हसून म्हणायची, पण म्हणायची दर वेळी.

शेवटी दाजी तयार झाले. आमचे दाजी म्हणजे देवमाणूस. कुणी आलं की आधी पाणी, मग चहा, मग "जेवल्याबिगर जायचं न्हाय" हे ठरलेलं. त्यांनी शेतात, विहिरीपासून जरा लांब, बांधाच्या अंगाला घराचं जोतं बांधून घेतलं. विटा येऊन पडल्या. एक पावसाळा गेला, उन्हाळा आला, आणि जोत्याला भेग पडली. साधीसुधी नव्हे. या कोपऱ्यातून शिरलेली त्या कोपऱ्यातून बाहेर पडली आणि तशीच रानात पंधरा-वीस पावलं सरळ चालत गेली. हाताची बोटं सहज आत जात होती. त्याच सुमारास लोकांनी एकदोनदा जमिनीतून गुरगुर ऐकली होती. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी जे कळते होते ते आमच्या भागात अशी गोष्ट हसण्यावारी नेत नाहीत. ताईच्या मोठ्या दिरांनी भेगेवर काठी ठेवून निकालच दिला.

"भुकंपाची चीर हाय ही. घर बांदशील तर एक दिस समद्यास्नी पोटात घील. विटा गोट्याला लावा."

त्यांच्या गोठ्याला, हे सांगायला नकोच.

दाजी मधल्या मध्ये सापडले. एकीकडे बायको, दुसरीकडे बापासारखा भाऊ. त्यांनी त्यांच्या स्वभावाला शोभेल असा तोडगा काढला, म्हणजे काहीच केलं नाही. विटांच्या ढिगावर गवत उगवलं. ताई रोज रानात जायची तेव्हा जोत्याला वळसा घालून जायची, जोत्यावरून चालायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, "उगं चप्पल घिऊन कशाला घरात शिरू." घर नव्हतंच तिथं. तिच्या लेखी मात्र होतं.

भूकंपाच्या या भेगेची गोष्ट मी सोलापुरात दुकानावर बसून इतक्यांदा सांगितली, की भेग दर वेळी थोडी रुंद होत गेली. असंच एकदा सांगताना गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका प्राध्यापकांनी कान टवकारले. त्यांच्या ओळखीच्या एक भूशास्त्राच्या मॅडम त्याच भागात सर्वे करायला येणार होत्या. त्यांना एक टेम्पो हवा होता, आणि गावकऱ्यांशी बोलणारं कुणीतरी हवं होतं. बोलणारं! मी त्यांचा हात सोडलाच नाही.

मॅडम पुण्याकडच्या, पंचेचाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, आणि हसताना डोळे पूर्ण मिटणाऱ्या. त्यांच्याबरोबर दोन माणसं होती, दोघंही कमालीची अबोल. मॅडम ओढ्यामागं लागल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की नकाशावर ताईच्या रानाच्या बाजूचा ओढा मैलभर आखल्यासारखा सरळ जातो, आणि ओढा सहसा इतका शहाणा नसतो. खाली खडक मोडलेला असेल तर पाणी त्या मोडीवरून सरळ वाहतं. भूकंप होतो तो खडकाच्या अशा मोडीवर. शास्त्रात तिला भ्रंश म्हणतात. ती इथं आहे का, असली तर नेमकी कुठं आहे, आणि वरच्या थरांपर्यंत आली आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"मग ताईच्या रानातनंच घ्या की तुमची रेघ," मी म्हणालो. "ओढ्यापासून विहिरीवरून जोत्यापर्यंत. आयती भेग आहे."

"भेगेवर माझा विश्वास नाही," मॅडम म्हणाल्या, "पण रान जागेवर आहे. चला."

त्या रात्री मी ताईला फोन केला. दाजींनी तिच्याकडून फोन घेतला आणि खाकरून म्हणाले, "पाव्हणं, मी भावापुढं शब्द दिलाय. मॅडम म्हनल्या चीर घराखालनं गिलीया, तर विटा गोट्याला. न्हाय म्हनल्या, तर म्या बांदनार." मागून ताईचा आवाज आला, "आन माजा शब्द कुनी इचारला?" पण फोन बंद झाला होता.

सर्वेच्या आदल्या दिवशी मॅडम जागा बघून गेल्या. ज्वारी नुकतीच निघाली होती. रान असं टणक, की वरून चालताना चपलेचा आवाज यायचा. मॅडमनी पांढऱ्या फक्कीनं सरळ रेघ मारून घेतली आणि जमिनीत एक खिळा दाबून बघितला. खिळा वाकडा झाला. "उद्या जरा कष्ट पडणार," त्या सहज म्हणाल्या. हे त्या स्वतःशी म्हणाल्या. पण दाजींनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेम्पो घेऊन पोहोचलो तेव्हा दाजी बांधावर उभे. अंगात धुतलेला सदरा, कपाळाला बुक्का, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. त्यांच्यामागं ट्रॅक्टर. ट्रॅक्टरमागं ओढ्यापासून बांधापर्यंत, फक्कीच्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी, चांगला रुंद पट्टा रोटर मारून रव्यासारखा भुसभुशीत केलेला.

"पहाटं चारला उठलो," दाजी म्हणाले. "मॅडमास्नी खिळं ठोकायचा तरास नगं म्हनलं. आता बगा, भाकरीच्या पिटात बोट जावं तसं जातंय."

मॅडम खाली उतरल्या. पट्ट्याकडे बघितलं. दाजींकडे बघितलं. यंत्राच्या पेटीवर बसल्या.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "फार मनापासून केलंत हो."

मला वाटलं कौतुक आहे. दाजींनाही वाटलं. ते म्हणाले, "चार-दोन फेरं आनकी मारू का?"

"नको!" तिन्ही पाहुणे एकदम ओरडले. त्या दोन अबोल माणसांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. त्यांच्याजवळ नारिंगी रंगाचे, मुठीएवढे अठ्ठेचाळीस जिओफोन होते, प्रत्येकाच्या बुडाला खिळा. ते एका रांगेत जमिनीत रोवायचे आणि एका लांबलचक केबलनं यंत्राला जोडायचे. मग एका ठिकाणी लोखंडी पाट ठेवून त्यावर घण मारायचा. घावाचा हादरा खाली जातो, एकेका थरावर आपटतो आणि उलट वर येतो. तो वर आला की जिओफोन ऐकतो. किती वेळानं आला त्यावरून थर किती खाली आहे ते कळतं. आपण नारळ घेताना बोटानं वाजवून बघतो, तसंच. जिओफोन म्हणजे जमिनीच्या छातीला लावलेला कान. "आणि भाऊंनी," मॅडम म्हणाल्या, "त्या कानाच्या आणि छातीच्या मधे कापसाची गादी घातली."

दाजींचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. तेरवीला उभं राहतात तसे उभे राहिले.

रेघ बाजूला सरकवता येत नव्हती. एका अंगाला उभा ऊस, दुसऱ्या अंगाला चुलतभावाच्या कांद्याला पाणी सोडलेलं. यंत्र दुसऱ्या दिवशी नातेपुत्याकडं न्यायचं ठरलेलं, ते पुन्हा कधी मिळेल याचा नेम नाही. म्हणजे आज किंवा नाही. मोठे दीर तेवढ्यात आलेच. सगळं ऐकून त्यांनी विटांच्या ढिगाकडं बघून अशी मान हलवली, की मला त्यांच्या गोठ्याची भिंत डोळ्यांपुढं दिसायला लागली.

ताई पट्ट्यात गेली, उकिडवी बसली आणि मातीत हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि थांबला.

"बाई," ती मॅडमना म्हणाली, "रोटर किती खोल जातंय? वीतभर. खाली हाय तशी घट हाय जमीन. वीतभर उकरली की झालं. तुमचं खिळं तितं लावा की."

मॅडमनी डोळे बारीक केले. "अठ्ठेचाळीस खड्डे?"

"अट्टेचाळीस खड्डं म्हंजी काय!" ताई उठली. "खुरपनीच हाय की ती."

तिनं बांधावर जाऊन हाक मारली. खुरपणीला जाणाऱ्या बायका वाटेनं चाललेल्याच होत्या. पंधरा-वीस जणी आल्या, आणि मग जे झालं ते मी कुठल्या शास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असेल असं मानत नाही. बायकांनी पात धरली. पात धरणं म्हणजे खुरपताना एकेकीनं आपली एकेक ओळ पकडून एका रांगेत पुढं सरकणं. इथं ओळी नव्हत्या, खड्डे होते. पण सवय तीच. एका रांगेत बसल्या, पदर खोचले, आणि हातांबरोबर तोंडंही सुरू झाली.

"आगं, हितं काय पेरायचंय?"

"खिळं."

"आन उगवनार काय?"

"हिचं घर उगवनार हाय, खोद गप."

"मंग माज्या खड्ड्यात माडी घाल गं बाई, मी खोल खनती!"

अर्ध्या तासात अठ्ठेचाळीस खड्डे तयार. कडा अशा गोल, की मॅडमचा एक अबोल माणूस वाकून बघतच राहिला. खिळे घट्ट जमिनीत बसले. मॅडमनी एक जिओफोन हलवून बघितला. हलला नाही. त्यांचे डोळे मिटले, म्हणजे त्या हसल्या.

आता माझी पाळी. जिओफोनला घणाचा घाव ऐकू येतो, तसं बाकीचंही सगळं ऐकू येतं. चालणारी माणसं, गुरं, मोटरसायकल, वारा. त्यामुळं घाव पडताना अवतीभवती सगळं थांबायला हवं. मी चाचांना हाक मारली. चाचा माझ्याकडचे जुने ऑपरेटर. मशीन चालवतात ते आणि मालकाला चालवतात तेही. त्यांनी टेम्पोवर भोंगा बांधला, माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मालक, जिंदगीभर आवाज बढाया मैं. लोगां को चुप कराने कू आज पैली बार भोंगा लगाया. कुछ तो भी उल्टा चल रा."

मी माईक हातात घेतला. हातात माईक आला की मी मी राहत नाही. "सन्माननीय ग्रामस्थ बंधू आणि भगिनींनो! आज आपल्या या पवित्र भूमीच्या पोटातलं गुपित..."

मॅडम हळूच माझ्याजवळ आल्या. "दादा, तुम्ही बोलताय तेच सगळ्यात जास्त रेकॉर्ड होतंय."

चाचांनी न विचारता माईकचं बटण बंद केलं.

बायका बाभळीखाली जाऊन बसल्या, तोंडाला पदर लावून. शेळ्या लांब नेल्या. मोटरसायकली बंद. राहिल्या विहिरींवरच्या मोटारी. आजूबाजूच्या रानात चार-पाच मोटारी धडधडत होत्या आणि मॅडमच्या पडद्यावर त्यांच्या काळ्या मुंग्या नुसत्या वळवळत होत्या. आता आमच्याकडं रानातली लाइट दिवसाची आली म्हणजे ती देवाची कृपा. ती असताना मोटार बंद कर म्हणणं म्हणजे जेवत्या माणसाला ताटावरून उठवणं. मी बांधाबांधावरून फिरून हात जोडले. एक जण म्हणाला, "पाव्हणं, भुकंप कवा येईल ठावं न्हाय, लाइट आत्ता हाय."

आणि नेमकी लाइट गेली.

माझ्या आयुष्यात लाइट गेल्यावर टाळ्या वाजलेल्या मी तेव्हाच ऐकल्या. बाभळीखालून आरोळी उठली, "गिऽऽली!" मोटारी एकेक करून दम टाकत थांबल्या. मॅडमनी पडद्याकडं बोट दाखवलं. अठ्ठेचाळीस ओळींवर एकदम मोठा गलका उमटला होता. "हा तुमचा आनंद," त्या म्हणाल्या. "आता आवरा."

घण मारायला सुरुवात मी करणार असं मीच जाहीर केलं होतं. मी धोतराचा सोगा खोचल्यासारखा पँटीला हात लावला, घण खांद्यावरून मागं नेला आणि हाणला. पाट वाचला. शेजारची जमीन वाचली नाही. बाभळीखाली पदराआडून खिसखिस झाली आणि तीही यंत्रानं टिपली. तेव्हा दाजी पुढं आले. टोपी त्यांनी अजून डोक्यावर घातली नव्हती. त्यांनी माझ्या हातातून घण घेतला.

एका जागी दहा घाव, मग पाट पुढं. दहा घाव कशाला, तर एका घावाचा हादरा गोंगाटात बुडतो. दहा घावांचे दहा हादरे एकमेकांत मिसळले की जमिनीचं उत्तर ठळक होत जातं आणि वाऱ्याचा, पानांचा गोंगाट विरत जातो, कारण तो दर वेळी वेगळा असतो. दाजी प्रत्येक घाव सारखा घालत होते. मॅडम हात वर करायच्या, अख्खं रान श्वास रोखायचं, घण पडायचा, मॅडम हात खाली करायच्या आणि बाभळीखाली सगळ्याजणी मिळून एकदम श्वास सोडायच्या. अबोल माणसानं मधे दाजींच्या हातातून घण मागितला. दाजींनी दिला नाही. "म्या रोटर मारलाय," एवढंच म्हणाले. जोत्याजवळचा शेवटचा घाव घालून झाला तेव्हा त्यांचा धुतलेला सदरा अंगाला चिकटला होता आणि तळहात उलले होते. ताईनं हळद लावली. ती एकदाही त्यांना रोटरबद्दल बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात हे असं पहिल्यांदाच घडलं असावं.

"काय दिसलं?" ताईनं मॅडमना विचारलं.

"अजून काही नाही, ताई. यावर बरंच काम करावं लागतं."

"डाक्टर तर फोटू काडला की लगीच सांगतोय, हाड मोडलंय का न्हाय."

"डॉक्टरला हाड कसं असतं ते आधीच माहीत असतं," मॅडम म्हणाल्या. "मला आज पहिल्यांदा भेटलंय."

मग सव्वा महिना गेला. ताईनं त्या दिवसांत मला एकही फोन केला नाही. मी केला तर पिकाचं बोलायची, शेळीचं बोलायची, घराचं बोलायची नाही. मोठ्या दिरांनी गोठ्याच्या जागेवर दोरी मारून ठेवली.

मॅडम एका सकाळी स्वतः आल्या. कागदाची मोठी गुंडाळी होती. ओसरीवरच्या बाजेवर ती पसरली, चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले. दाजी, मोठे दीर, ताई, मी, सगळे वाकलो. कागदावर आडव्या काळ्या-पांढऱ्या लाटा होत्या, एकावर एक, पापुद्रा सुटलेल्या चपातीसारख्या.

"ही ओढ्याची बाजू, ही जोत्याची," मॅडम बोटानं दाखवत होत्या. "हे सगळे काळ्या पाषाणाचे थर. हा जाडसर पट्टा दिसतोय का? दोन थरांमधली तांबडी माती आहे ही. आता हा पट्टा धरून माझ्याबरोबर चला. ओढ्याकडून सरळ येतोय, येतोय... आणि इथं?"

इथं पट्टा तुटला होता. पुढचा तुकडा पुरुषभर खाली जाऊन पुन्हा सुरू झाला होता. पायरीसारखा. मी इतके दिवस ज्याच्याबद्दल गप्पा मारत होतो ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला.

"हा भ्रंश," मॅडम म्हणाल्या.

मोठे दीर सरळ झाले. "म्या म्हनलं हुतं."

ताईनं कागदावरची नजर काढली नाही. "पर ह्ये कुटं हाय, बाई? जोत्याखाली?"

"नाही. हे विहिरीखाली."

दाजींची विहीर म्हणजे गावची शान; आजूबाजूच्या विहिरी आटल्या तरी तिला पाणी असायचं. दाजींनी कागदावरच्या त्या पायरीवर बोट ठेवलं. "इहिरीखाली भुकंप?"

"भूकंप नाही, खडकाची मोड. जुनी आहे. वरचे थर हललेले मला तरी दिसत नाहीत. आणखी तपासावं लागेल. पण खडक मोडलेला असला की फटींतून पाणी साचतं. तुमची विहीर आटत नाही ती बहुतेक ह्याच्यामुळं." दाजींची छाती फुगली ती मला स्पष्ट दिसली. मॅडमनी बोट पुढं नेलं. "आणि हे जोत्याखालचं. बघा. एकाखाली एक, पाटासारखे सपाट थर. इथं काहीच मोडलेलं नाही."

ताई बाजेच्या कडेवर बसली.

"मग चीर कसली?" मोठे दीर अजून सोडायला तयार नव्हते.

"काळ्या मातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. आमच्या रेकॉर्डवरून इथं काळी माती पाच-साडेपाच फूट दिसते, त्याखाली मुरूम. पाया मुरमात टेकवला असता तर जोतं हललं नसतं." त्यांनी मान वर केली. "पाया किती घेतलाय?"

आता इथं मला एक गोष्ट सांगावी लागणार आहे, जी मी आतापर्यंत मोठ्या शिताफीनं टाळत आलो. पाया खणत होते त्या दिवशी मी तिथं होतो. गवंडी म्हणत होता आणखी खोल जाऊ. मी म्हणालो, कशाला? अहो, मी जन्मभर जमिनीत खांब रोवतोय! हजार माणसांचा मंडप दीड फुटात उभा राहतो, वादळात हलत नाही; हे तर चार खोल्यांचं घर. दोन फूट म्हणजे डोक्यावरून पाणी. एवढ्यावर थांबलो नाही. एक बांबू रोवून, त्याला लोंबकळून दाखवलं. दाजींना पटलं, पाव्हणं शहरातलं. आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग पडली तेव्हा, भूकंप, भूकंप असं सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं असेल, हे आता सांगायला नकोच.

"दोन फूट," दाजी म्हणाले. "मीच म्हनलो हुतो, बास झालं म्हनून."

देवमाणूस म्हणालो ना मघाशी! पाहुण्याची लाज राखायला ते सरळ खोटं बोलले. मी गप्प बसलो असतो तर सुटलो होतो. मोठ्या दिरांना ठाऊक नव्हतं, मॅडमना ठाऊक नव्हतं, ताई त्या दिवशी बाजारला गेली होती. पण दाजींच्या तळहातावरचे उललेले चट्टे बाजेवर माझ्यासमोर होते.

"मी म्हणालो होतो," मी म्हणालो. माईक नव्हता, त्यामुळं आवाज फारच लहान आला.

ताईनं माझ्याकडं बघितलं.

"म्हंजी," ती म्हणाली, "दीड वर्स झालं, माज्या घराखाली भुकंप न्हवता. माज्या भावाच्या तोंडात हुता."

आधी मॅडमचे डोळे मिटले. मग दाजी. मग, खरं वाटणार नाही, मोठे दीर. त्यांना तर खोकल्याची उबळ आली. हसलो नाही ते आम्ही दोघंच, मी आणि ताई. मग तीही हसली, पण हसता हसता पदर डोळ्यांना लावला, आणि त्या हसण्यात काय काय होतं हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मॅडमनी जाताना बजावलं, की भ्रंश दूर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लांब कुठं भूकंप झाला तरी घर हलतंच. कॉलम मुरमापर्यंत न्या, खालीवर काँक्रीटची पट्टी घेऊन सगळं घर एकत्र बांधा, आणि चांगल्या इंजिनिअरला दाखवा. "मंडपवाल्याला नको," हे त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या.

जुनं जोतं उखडलं. कॉलमचे खड्डे आम्ही हातानं खणले, दाजी, मी आणि दोन गडी. माझ्या वाट्याला दोन कोपरे आले, ताईनं दिले. दर रविवारी सोलापुरातून यायचं, दुपारपर्यंत टिकाव मारायचा आणि भाकरी खाऊन जायचं. चाचा एकदा बघायला आले, काठावर उभं राहून म्हणाले, "अब आया समझ में, मालक. खांबा गाड़ना अलग, घर गाड़ना अलग."

साडेपाच फुटांवर टिकावाचा आवाज बदलला. काळी माती संपली, पिवळसर मुरूम लागला. मी ओरडलो तशी ताई धावत आली. शिडीवरून खाली उतरली, मला वर पिटाळलं, चप्पल काढून वर फेकली आणि मुरमावर टाचा आपटून बघितल्या, एकदा, दोनदा, चारदा. वरून तिची नुसती वेणीची गाठ दिसत होती.

"घट हाय," खालून आवाज आला. "हितं बांदा."

"बरं. वर ये आता."

"मी न्हाय यायची. आदी पैला दगूड द्या खाली. दीड वर्स वाट बगितली, म्या माज्या हातानं ठिवनार."

"ताई, आधी काँक्रीट टाकतात. इंजिनिअर म्हणाला..."

"इंजनेरला म्हनावं, दगूड मदी घी. तू बोलू नगंस, तुला कळत न्हाय."

दाजींनी दगड आणला. साधा नव्हे, धुऊन, हळदकुंकू लावून. मी आणि त्यांनी मिळून तो दोरीनं खाली सोडला. खाली बराच वेळ खुडबुड चालली होती. मग ती थांबली.

"झालं," ताई म्हणाली. "आता शिडी सोडा."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी दाजींकडं बघितलं. शिडी गड्यांनी मघाशीच काढून घेतली होती, आणि गडी जेवायला गावात गेले होते, शिडी घेऊन.

"आणतो," दाजी म्हणाले आणि गावाकडं पळाले.

"सावकास जावा," ताई खालून म्हणाली. "मी बसली हाय घरात."